गाव : नेकनूर

मराठवाड्यातल्या तरुण मनाच्या आशावादाचा पहिला शास्त्रशुद्ध अभ्यास बीडमध्ये, आमच्या महाविद्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावरच्या सात नंबरच्या खोलीत झाला. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. त्याआधी असा अभ्यास कुणी केल्याचं मला माहीत नाही, आणि मी शोधलेलंही नाही.

मी तिथे मानसशास्त्र शिकवतो. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येकाला एक लघुशोधप्रबंध लिहावा लागतो. विषय ठरवायचा, प्रश्नावली घ्यायची, शंभर विद्यार्थ्यांकडून ती भरून घ्यायची, निष्कर्ष काढायचे, आणि वर सोनेरी अक्षरं उमटवलेल्या तीन बांधीव प्रती कार्यालयात द्यायच्या. यातलं बांधणीचं काम सगळेच मन लावून करतात.

त्या वर्षी माझ्याकडे चकलांब्याची एक मुलगी होती. घरी थोडी कोरडवाहू जमीन आणि शेळ्यामेंढ्या. त्या घरातून कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच. बोलायची कमी. विषय मात्र तिने स्वतःच आणला : विद्यार्थ्यांमधला अवास्तव आशावाद आणि त्याचा व्यक्तिमत्त्वगुणांशी संबंध.

“म्हणजे काय, ते तुझ्या शब्दांत सांग,” मी म्हणालो.

“सर, वर्गात इच्यारलं की नापास व्हायचा चान्स कुणाचा जास्ती, तर जो तो म्हणतो दुसऱ्याचा. आता समदेच दुसऱ्यापेक्षा हुशार कसे असतील?”

व्याख्या बरोबर होती. पुस्तकात ती दीड पानाची आहे.

तिला घाई होती, आणि त्याला कारण होतं. गेवराईकडच्या एका निवासी शाळेत तिला समुपदेशिकेची जागा मिळाली होती. अट एकच : जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा एम.ए.ची गुणपत्रिका हातात हवी. नसली, तर यादीतल्या पुढच्या नावाला फोन जाणार होता. गुणपत्रिका हवी तर प्रबंध वेळेत जमा व्हायला हवा, आणि प्रबंध जमा व्हायचा तर शंभर फॉर्म हवेत. हा क्रम तिने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता आणि मला दोनदा दाखवला होता.

प्रश्नावलीचे दोन भाग होते. पहिल्यात आयुष्यात घडू शकणाऱ्या वाईट गोष्टींची यादी होती : नापास होणे, गाडीवरून पडणे, परीक्षेला उशिरा पोचणे, पदवीनंतर नोकरी न मिळणे, लग्न मोडणे, मोठं आजारपण येणे. तुमच्यासारख्या इतर विद्यार्थ्यांच्या तुलनेत तुमच्या बाबतीत हे घडण्याची शक्यता किती, याच्यापुढे ‘फार कमी’पासून ‘फार जास्त’पर्यंत पाच चौकोन. दुसऱ्या भागात स्वभाव : माणसांत मिसळायला आवडतं का, कामं वेळेवर होतात का, लहानसहान गोष्टींची काळजी वाटते का. वर कोपऱ्यात वय, लिंग आणि गाव. नाव लिहायचं नव्हतं. नाव नसलं की माणूस खरं बोलतो, असं आमच्या शास्त्रात धरून चालतात.

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा वर्ग आम्ही घेतला. तिने फॉर्म वाटले आणि सूचना वाचून दाखवल्या. मागच्या बाकावरून एक हात वर आला.

“ताई, कितीला हाय?”

“मार्क न्हाईत याला.”

“मग इंटर्नलला धरणार का?”

“न्हाई.”

“मग कावून घ्यायलेत?”

“माज्या अभ्यासासाठी. यात बरोबर-चूक कायी न्हाई. तुमाला जे वाटतं ते टिक करा.”

या वाक्यावर वर्ग सावध झाला. इतक्या वर्षांच्या शिक्षणात ‘तुम्हाला काय वाटतं’ हे त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं, आणि यात विचारणाऱ्याचा डाव काय आहे हे कुणाच्या लक्षात येईना.

शिक्षक समोर असला की विद्यार्थी मोकळेपणाने उत्तरं देत नाहीत, असं संशोधनपद्धतीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. म्हणून मी व्हरांड्यात थांबलो. पुस्तक लिहिणारे आमच्या वर्गावर आलेले नसावेत. आत ती टेबलाशी उभी राहून शंका विचारणाऱ्यांना उत्तरं देत होती. वीस मिनिटांत सगळे फॉर्म जमा झाले. इतकी शांतता त्या खोलीत मी विद्यापीठाच्या परीक्षेतही ऐकली नव्हती. मला ती चांगली खूण वाटली. वीस वर्षं शिकवण्याचा मला झालेला उपयोग तो एवढा.

दुसऱ्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. फॉर्मचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि उभीच राहिली.

“सर, आपल्या वर्गात नेकनूरचे किती जण हायेत?”

“एकच. पहिल्या बाकावर बसते ती मुलगी.”

“फॉर्मवर एकोणतीस हायेत.”

मी गठ्ठा जवळ ओढला.

“अक्षरावरून त्यातले एकवीस पोरं वाटतेत,” ती म्हणाली.

“बरं.”

“त्यातल्या चौदांनी लिंग स्त्री लिवलंय.”

मग मी एकेक फॉर्म पाहिला. एकशे बारा फॉर्मपैकी त्र्याहत्तर सारखे होते. गावाच्या रकान्यात काहींनी थोडा स्वतंत्र विचार केला होता. बाकी चौकोन तेच, खुणा त्याच. झालं होतं ते इतकं साधं होतं की आम्हाला ते आधीच सुचायला हवं होतं. नेकनूरची ती मुलगी प्रत्येक सत्रात पहिली येते. पेपर हातात पडला आणि प्रश्न ओळखीचा निघाला नाही, की तिचं उत्तर पहिल्या बाकावरून निघतं आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचतं. ही त्या वर्गाची रीत आहे. तिच्यावाचून आधीची तीन सत्रं कशी निघाली असती, हे त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. बरोबर-चूक काही नाही असं सांगितल्यावर तर कुणालाच धोका पत्करायचा नव्हता. आपल्याला काय वाटतं, हे त्यांनी तिचं बघून लिहिलं.

तिने लिहिलं होतं ते असं : नापास होण्याची शक्यता फार जास्त. उशीर होण्याची फार जास्त. गाडीवरून पडण्याची जास्त, नोकरी न मिळण्याची फार जास्त. लहानसहान गोष्टींची काळजी नेहमी वाटते, आणि कामं नेहमी वेळेवर होतात. त्यामुळे एका मोटारसायकलवर तिघं बसून कपिलधारच्या धबधब्यावर जाणारी, जाताना हँडल सोडून फोटो काढणारी पोरं कागदावर एकजात चिंतातुर, वक्तशीर आणि आयुष्याकडून फारशी अपेक्षा नसलेली निघाली. असा वर्ग मी कधी पाहिलेला नाही, आणि मी त्याच वर्गाला शिकवतो.

आम्ही त्या मुलीला बोलावलं. ती दारातच थांबली.

“सर, माजं कायी चुकलं का?”

“नाही. उशीर होण्याची शक्यता इतरांपेक्षा फार जास्त, असं का लिहिलंस?”

“मी बसनं येते सर.”

“बसने बरेच जण येतात.”

“आपल्या वर्गातले रूम करून ऱ्हातेत हितंच. पाच मिन्टावर. आमची सकाळची गाडी मागल्या महिन्यात सहादा आलीच न्हाई.”

“आणि नापास? तू तर पहिली येतेस.”

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. बहुतेक प्रश्नात काही खोच आहे का, ते तपासत असावी. “गाडी आली न्हाई तर पेपर कसा देऊ सर?”

तिला वर्गात पाठवून दिलं. मी दोन वर्षं तिला निराश स्वभावाची समजत होतो, आणि एकदा तसं तिला समजावलंही होतं. ती निराश वगैरे नव्हती. ती नेकनूरहून बसने यायची. एकशे बारा फॉर्ममध्ये ज्याच्या उत्तरांमागे काही विचार होता असा खात्रीचा फॉर्म तो एकच.

आता प्रश्न चकलांब्याच्या मुलीचा होता. प्रबंध जमा करायला तीन आठवडे उरले होते आणि बी.ए.चे तास आठवडाभरात संपणार होते. मी उठून स्टाफरूमचं दार लोटलं.

“हे बघ,” मी म्हणालो, “त्र्याहत्तर गेले, पण एकोणचाळीस वेगळे आहेत. ते ठेव. राहिलेले एकसष्ट... म्हणजे, घरी शांतपणे बसून, दोन-तीन वेगवेगळी पेनं घेऊन...”

एवढं बोलून मी थांबलो. पुढचं तिला कळलं होतं. हे मला कुठून सुचलं, हे इथे लिहायला हरकत नाही. माझ्या एम.ए.च्या प्रबंधातले चाळीस तरुण मी भाड्याच्या खोलीत एका रविवारी स्वतःच भरले होते. सगळे अतिशय समतोल स्वभावाचे निघाले. नमुन्यातल्या एकसारखेपणाबद्दल परीक्षकांनी माझं कौतुक केलं होतं.

तिने गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या.

“सर, मग ते समदे माज्यासारखे व्हतील. हे नेकनूरच्या पोरीसारखे झाले, ते माज्यासारखे. फरक काय पडला?”

“फरक असा, की हे सापडलं. ते सापडत नाही.”

“असं या त्र्याहत्तर जणांना बी वाटलं असंल.”

मार्गदर्शक अशा वेळी जे म्हणतात ते मी म्हणालो : “बघू.”

तिने ते एकोणचाळीसही बाजूला ठेवले. ते खरोखर मनाने लिहिलेले आहेत, की लिहिणाऱ्यांना पुढचं दिसत नव्हतं, हे सांगता येत नाही, असं तिचं म्हणणं. नव्याने शंभर भरायचे, एकेकट्याला गाठून, शेजारी दुसरं कुणी नको, असं तिने ठरवलं. असा एकेकटा आणि रिकामा विद्यार्थी बीडमध्ये एकाच ठिकाणी मिळतो, तो म्हणजे बसस्थानकावर.

पुढचे तीन आठवडे ती दुपारी स्थानकावर उभी असायची. मी दोनदा गेलो होतो. मार्गदर्शनासाठी म्हणून गेलो आणि दोन्ही वेळा चहा घेऊन परत आलो. एकदा तिने गाठलेल्या पोराचा पाय प्लास्टरमध्ये होता. गाडीवरून पडण्याची शक्यता, या प्रश्नापुढे त्याने ‘फार कमी’वर खूण केली.

“भाऊ, पाय कशानं मोडला?” तिने विचारलं.

“कपिलधारच्या वळणावर पडलो ना.”

“मग फार कमी कसं काय?”

“पडलो की एकदा. आता परत कावून पडंल ताई?”

लांब उभा असलेला त्याचा मित्र ओरडून म्हणाला, “त्याच्या मागं मी बसलेलो व्हतो. माजं लिवा, फार जास्त.”

“तू चालीव की मग बे गाडी,” प्लास्टरवाला म्हणाला, आणि खूण तशीच ठेवली.

फॉर्म भरून घ्यायच्या आधी ती तोंडी दोन प्रश्न विचारायला लागली. हे प्रश्न कुठल्या पुस्तकात नव्हते. पहिला : आता येणाऱ्या गाडीत तुला बसायला जागा मिळायची शक्यता इतरांपेक्षा किती? सगळे म्हणायचे, जास्त. कारण विचारलं तर कुणी म्हणे मी खिडकीतून रुमाल टाकतो, कुणी म्हणे मला गाडी कुठं थांबते ते ठाऊक आहे. गाडी आली की सगळेच रुमाल टाकत आणि निम्मे उभे राहून जात. दुसऱ्या दिवशी तेच निम्मे पुन्हा ‘जास्त’ म्हणत.

दुसरा प्रश्न : परीक्षेत बघून लिहायचं प्रमाण तुझं इतरांपेक्षा किती?

“कमीच हाय ताई आपलं. बाकीचे लई करतेत.”

“आन सापडायचा चान्स?”

“तो बी कमी.”

एकही जण ‘जास्त’ म्हणाला नाही. तिने हे वहीत लिहून घेतलं आणि संध्याकाळी मला दाखवलं. सात नंबरच्या खोलीतले त्र्याहत्तर जण कागदावर निराशावादी होते, पण ते निराशावादी कागद त्यांनी एकमेकांचे बघून, आपण सापडणार नाही या खात्रीने भरले होते. तिला हवा असलेला अवास्तव आशावाद उत्तरांत नव्हताच, तो उत्तरं लिहिण्यात होता. मी म्हणालो, हे परिशिष्टात घाल. विद्यार्थ्याला एखादी गोष्ट चांगली सापडली की आम्ही ती परिशिष्टात घालायला सांगतो.

बी.ए.च्या परीक्षाही याच काळात सुरू झाल्या. तिसऱ्या पेपरच्या सकाळी नेकनूरची गाडी आली नाही. दहाला पाच कमी असताना पहिला बाक रिकामा होता. मी त्या खोलीवर पर्यवेक्षक होतो. तिच्या मागचे तीन बाक दाराकडे बघत होते, आणि त्यांच्या मागचे त्यांच्याकडे. इतकी मनापासून केलेली काळजी मी त्या चेहऱ्यांवर कधी पाहिली नव्हती. घंटा होता होता ती दुधाच्या गाडीतून उतरून धावत आली, आणि सबंध खोलीने श्वास सोडला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की रद्द केलेले ते फॉर्म वाटले तितके खोटे नव्हते. नेकनूरची गाडी चुकली तर त्या सगळ्यांचंच नापास होणं ठरलेलं होतं.

प्रबंध जमा करायच्या दिवशी तिच्याकडे शहाऐंशी फॉर्म होते. परीक्षा संपत आल्या आणि स्थानक ओस पडलं. शेवटच्या चार दिवसांत तिला दोघंच मिळाले. निष्कर्ष जे यायला हवे होते तेच आले : माणसांत मिसळणारे स्वतःच्या भविष्याबद्दल जास्त निश्चिंत, काळजी करणारे कमी. हे चकलांब्यात कुणीही फॉर्म न भरता सांगितलं असतं, असं तीच म्हणाली. सगळे रद्द फॉर्म, ते एकोणतीस नेकनूरकर आणि त्या चौदा स्त्रिया, तिने परिशिष्टात जशाच्या तशा मांडल्या. मी सही केली. यात धैर्य वगैरे काही नव्हतं. त्या दिवशी मला पाच प्रबंधांवर सह्या करायच्या होत्या.

तोंडी परीक्षेला बाहेरगावाहून परीक्षक आले. आमच्याकडे परीक्षकाचा आधी सत्कार होतो. फेटा, शाल, नारळ, मग फोटो, मग शाल नीट दिसली नाही म्हणून पुन्हा फोटो. संस्थेचे अध्यक्ष स्वतः आले होते. त्यांना कुणीतरी विषय सांगितला असावा. “आशावाद हाच आमच्या संस्थेचा पाया आहे,” ते म्हणाले. तिसऱ्या मजल्याचा नारळ त्यांनी माझ्या नेमणुकीच्या वर्षी फोडला होता. त्याच्या सळया गच्चीवर अजून आहेत, आणि त्यांना बांधलेल्या दोरीवर शिपाई सतरंज्या वाळत घालतो. हे सगळं पाऊण तास चाललं. सहा विद्यार्थ्यांच्या परीक्षेसाठी तासभर उरला.

तिची पाळी शेवटची होती. परीक्षकांनी फेटा डोक्यावर ठेवूनच प्रबंध उघडला.

“नमुना शंभरचा हवा. इथे शहाऐंशी आहेत.”

“हो सर.”

“नियम माहीत नव्हता?”

“माहीत व्हता सर.”

“मग? चौदा फॉर्म म्हणजे काय फार मोठी गोष्ट होती? गाईडनी काही मार्ग नाही सांगितला?”

“सांगितलेला सर,” ती म्हणाली.

मी पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता.

“शंभरापेक्षा कमी असेल तर मी हा परत पाठवू शकतो,” परीक्षक म्हणाले. “मग पुढच्या सत्रात.”

पुढचं सत्र म्हणजे दिवाळीनंतर. तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, आणि म्हणाली, “शंभरापेक्षा जास्ती बी हायेत सर. मागं परिशिष्टात.”

त्यांनी परिशिष्ट काढलं. वाचायला लागले. एक पान उलटलं, मग परत मागे आले. फेटा काढून टेबलावर ठेवला.

“चौदा मुलांनी स्वतःला स्त्री लिहिलं?”

“हो सर.”

“आणि हे तुम्ही छापलं.”

“घडलं ते लिवलं सर.”

“माझ्या एम.ए.च्या वेळी...” असं ते म्हणाले, आणि तिथेच थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही साधारण एकाच वयाचे असू. मी पुन्हा पंख्याकडे पाहिलं. मग त्यांनी नमुना अपुरा असल्याबद्दल काही गुण कापले, बाकीचे दिले, आणि नारळ पिशवीत घालून गाडीत बसले.

शाळा उघडायच्या दोन दिवस आधी गुणपत्रिका आली. ती कामावर रुजू झाली. महिन्याभराने तिचा फोन आला. तिथल्या मुलींशी ती एकेकीला बाजूला घेऊन बोलते, घोळक्यात काही विचारत नाही, एवढं तिने सांगितलं. कारण सांगायची गरज नव्हती.

तिच्या प्रबंधाची एक प्रत आमच्या ग्रंथालयात होती. ती कुणीतरी मागून नेली याचा मला तेव्हा आनंद झाला होता.

दोन वर्षांनी मला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात परीक्षक म्हणून बोलावणं आलं. तिथेही सत्कार झाला. फेटा बांधून घेऊन मी बसलो आणि पहिला प्रबंध उघडला. विषय होता विद्यार्थ्यांमधला अवास्तव आशावाद आणि व्यक्तिमत्त्वगुण. समोर एक उंच, आनंदी चेहऱ्याचा तरुण उभा होता. मी विचारलं, “फॉर्म कुठे भरून घेतले?”

“आमच्याच कॉलेजात सर.”

“तुम्ही स्वतः?”

“एकेक करून सर.”

त्याने चकलांब्याच्या मुलीच्या मूळ मजकुरात एकच दुरुस्ती केली होती. शहाऐंशीचे शंभर केले होते. परिशिष्टात लिहिलं होतं, की एकोणतीस विद्यार्थ्यांनी गावाच्या रकान्यात नेकनूर लिहिलं आहे.

नेकनूर तिथून बसने सहा तासांवर आहे.